नदीखोऱ्यांतील पाण्याचा ताळेबंद : गोदावरी व भीमा खोऱ्यांचा अभ्यास

महाराष्ट्रात पाण्याची वाण आहे, असे सर्रास म्हटले जाते. आकडे मात्र वरवर पाहता तसे सांगत नाहीत. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ साली आपला अहवाल शासनास सादर केला. राज्यातील नद्यांतून वर्षाकाठी सरासरी सुमारे १६४ अब्ज घनमीटर पाणी वाहते, असे त्यात नमूद केले आहे. भूगर्भातील सुमारे २० अब्ज घनमीटर पाणी त्याहून वेगळे. एवढ्या पाण्याचा धनी असलेल्या राज्यात उन्हाळा आला की हजारो वाड्यावस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे कोडे उलगडावयाचे असेल तर राज्याची बेरीज बाजूला ठेवून एकेका खोऱ्याकडे वळावे लागते.

वरील १६४ अब्ज घनमीटरपैकी सुमारे ६९ अब्ज घनमीटर पाणी एकट्या कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांतून जाते. राज्याच्या क्षेत्रफळात कोकणाचा वाटा जेमतेम अकरा टक्के. पाण्यात मात्र तो बेचाळीस टक्के आहे. उरलेले पाणी गोदावरी, कृष्णा, तापी आणि नर्मदा या चार खोऱ्यांत विभागले गेले आहे, आणि राज्याची बहुतेक शेती, बहुतेक लोकवस्ती याच खोऱ्यांत आहे. राज्याच्या जवळजवळ निम्म्या भूभागाचे पाणी गोदावरीत उतरते. त्याखालोखाल कृष्णेचे खोरे येते. आयोगाने या पाच खोऱ्यांची पंचवीस उपखोरी पाडून प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब मांडला. लागवडयोग्य जमिनीच्या दर हेक्टरी १,५०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असलेले उपखोरे ‘अतितुटीचे’, ३,००० घनमीटरपर्यंतचे ‘तुटीचे’, असे वर्ग केले. आपला तालुका कोणत्या उपखोऱ्यात मोडतो आणि ते उपखोरे कोणत्या वर्गातील आहे, ही माहिती प्रत्येक पंचायत समितीच्या भिंतीवर असावयास हवी. ती क्वचितच आढळते.

खोऱ्यातील जलसंपत्ती किती सुरक्षित वा असुरक्षित आहे, हे केवळ पाण्याच्या राशीवरून ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली दक्षिण आशियातील गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना, सिंधू इत्यादी मोठ्या खोऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात मूळ पाणी माणशी किती व किती लहरी, त्यातील किती वापरले जाते, मलिनतेने व वनक्षेत्राच्या ऱ्हासाने त्याची किती हानी झाली आहे, आणि ते वाटून घेण्याची व्यवस्था कितपत समर्थ आहे, या अंगांनी विचार केलेला होता. याच कसोट्या आपल्या गोदावरीस व भीमेस लावून पाहिल्या असता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. त्यांतही शेवटची कसोटी, म्हणजे वाटपाची व्यवस्था, प्रस्तुत लेखकास सर्वांत निर्णायक वाटते.

भरवशाचे पाणी म्हणजे काय

नदीच्या पाण्याचे वाटप करताना ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी’ हा शब्दप्रयोग वारंवार केला जातो. त्याचा अर्थ साधा आहे. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षांत नदीला जेवढे पाणी निश्चित येईल, तो हा आकडा. उरलेल्या पंचवीस वर्षांत, म्हणजे सरासरीने दर चार वर्षांतून एकदा, त्याहून कमी पाणी येणार हे गृहीत धरलेलेच असते.

कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादाने हा आकडा २,०६० अब्ज घनफूट ठरविला. (एक अब्ज घनफूट म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. बोलण्यात यालाच टीएमसी म्हणतात.) १९७६ च्या अंतिम निवाड्याने त्यांपैकी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी पाणी दिले. या तिन्ही आकड्यांची बेरीज करून पाहावी. ती बरोबर २,०६० येते. भरवशाचे सर्व पाणी वाटले गेले. चौथ्या, तुटीच्या वर्षासाठी शिल्लक काही नाही, आणि खुद्द नदीसाठीही काही नाही. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली नदीच्या किमान प्रवाहासाठी १६ टीएमसीची वेगळी तरतूद सुचविली. परंतु राज्याराज्यांतील वादामुळे तो निवाडा अमलात येणे लांबत गेले. धरणे होत गेली, तसतसा वाटून दिलेला वाटा प्रत्यक्ष वापरात येऊ लागला. परिणामी २००१ ते २००४ या सलग अवर्षणाच्या काळात कृष्णेचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोचलेच नाही. अभ्यासक अशा खोऱ्यास ‘बंद झालेले खोरे’ म्हणतात. त्यात नवे पाणी उरलेले नसते. एकाने उचल वाढविली की दुसऱ्याची तेवढीच कमी होते.

आता याच खोऱ्याच्या माथ्यावर दृष्टी टाकावी. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून तीसएक किलोमीटरवर असलेल्या वाईस तो हजार मिलिमीटरच्या आत येतो, आणि माण तालुक्यात पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावरील पंचवीस-तीस किलोमीटरची अरुंद पट्टी हीच कृष्णा, भीमा आणि गोदावरी या तिन्ही नद्यांची खरी कोठी आहे. या कोठीतील काही पाणी पूर्वेकडे उतरतच नाही. कोयनेचे ६७.५ टीएमसी आणि मुळशी, ठोकळवाडी इत्यादी धरणांचे ४२ टीएमसीच्या आसपास पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली वळविण्यास लवादाने मान्यता दिलेली आहे. ती वीज राज्याच्या औद्योगिक उभारणीस कामी आली, हे विसरता येत नाही. पण सोलापूरकडून पाहणाऱ्यास हा हिशेब निराळा दिसतो, हेही तितकेच खरे.

पैठणचा अनुभव

पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. नाथसागराची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी आहे. मराठवाड्याच्या शेतीचा, छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांचा आणि तेथील औद्योगिक वसाहतींचा मोठा भार या एका जलाशयावर आहे.

परंतु जायकवाडीचे स्वतःचे पाणलोट क्षेत्र बहुतांशी पर्जन्यछायेत येते. धरण भरते ते नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पश्चिम टोकास पडणाऱ्या पावसाने. आणि त्या पावसाच्या वाटेवर दारणा, गंगापूर, पालखेड समूह, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणांची रांग उभी आहे. यांतील काही जायकवाडीपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. प्रवरेवरील भंडारदरा १९२६ सालचे. वरची धरणे भरून उरेल ते पाणी पैठणास येणार, असा हा उतार आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी यात काही अडचण नसते. २०१२ आणि २०१५ या वर्षी मात्र पावसाळा संपला तेव्हा नाथसागरातील उपयुक्त साठा अगदी तुटपुंजा होता, आणि वरच्या धरणांत त्या मानाने पाणी होते. एकाच नदीच्या काठावरील, एकाच राज्यातील दोन प्रदेश परस्परांसमोर उभे ठाकले. मोर्चे निघाले, दावे दाखल झाले.

या वादातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली आणि तिचा प्रत्येक लोकप्रतिनिधीने अभ्यास करावा, असे सुचवावेसे वाटते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ यात तुटीच्या काळात खोऱ्यातील सर्वांनी तूट सारखी वाटून घ्यावी, असे तत्त्व आहे. ते प्रत्यक्षात कसे आणावयाचे याचा अभ्यास मेंढेगिरी समितीने केला. तिचा अहवाल २०१३ सालचा. त्याच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबर रोजी, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा साठा उपयुक्त क्षमतेच्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणसमूहांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे खाली पाणी सोडावे, असे सूत्र त्यात घालून देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर याच सूत्रानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला.

सूत्राच्या टक्केवारीविषयी नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. रब्बीची पेरणी झाल्यावर पाणी सोडण्याचा आदेश आला तर वरच्या शेतकऱ्याचे बियाणे वाया जाते. कोरड्या नदीपात्रातून पाणी सोडले की त्यातील बराच भाग वाळूत मुरतो, आणि वाटेतील बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत तर तोही अडतो. पण विचार केला असता, हे सर्व आक्षेप आदेशाच्या वेळेविषयी आणि अंमलबजावणीविषयी आहेत. पाणी वाटून घेण्याच्या तत्त्वाविषयी ते नाहीत. १५ ऑक्टोबर ही तारीख आता सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा सप्टेंबरअखेरच धरणसाठ्यांचा अंदाज घेऊन वरच्या लाभक्षेत्रात रब्बीचे क्षेत्र किती ठेवावयाचे, हे पाणी वापर संस्थांना सांगता येणे अशक्य नाही.

नाथसागराचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. धरण सपाट प्रदेशात असल्याने जलाशय उथळ व विस्तीर्ण आहे. पूर्ण भरला असता त्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. उन्हाळ्यात तो निम्म्यावर आला असे धरले आणि रोज आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे मानले, तरी दिवसाकाठी १४० कोटी लिटर पाणी हवेत जाते. काठावरच्या मोठ्या शहराच्या रोजच्या गरजेपेक्षा हे कित्येक पटींनी अधिक आहे. जमिनीखाली मुरविलेल्या पाण्याला असे ऊन लागत नाही.

उजनीचे उणे पाणी

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसी. परंतु त्यातील उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसीच आहे. निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात, म्हणजे कालव्याच्या तळपातळीखाली राहते. मूळ कल्पनेप्रमाणे मृत साठा हा हात न लावण्याचा. प्रत्यक्षात जवळजवळ दर तुटीच्या वर्षी तो उपसला जातो, आणि मग वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे वीस टक्के’, ‘उणे चाळीस टक्के’ असे आकडे झळकू लागतात. नवख्या वाचकास ‘उणे’ पाणी म्हणजे काय हे कळत नाही. उपयुक्त साठा शून्यावर येऊन मृत साठ्यातील उचल सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ च्या उन्हाळ्याअखेर हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या जवळपास गेला होता.

हेच पाणी पिण्यायोग्य किती, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. पुण्याच्या माथ्यावरील खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची क्षमता मिळून २९ टीएमसी. या पाण्यातून पूर्वी मुख्यतः शेती भिजे. आज त्यातील अर्ध्याहून अधिक पाणी शहरास लागते. शहरात गेलेल्या पाण्याचा फार मोठा भाग सांडपाणी होऊन नदीत परत येतो; त्यातील पुरेसे शुद्ध न झालेले पाणी तसेच पुढे जाते. जलाशय तुडुंब असताना ही घाण पातळ होते. साठा उणे असताना तीच घाण थोड्या पाण्यात दाटते. म्हणजे ज्या वर्षी पाणी कमी, त्याच वर्षी ते अधिक मलिन. राशी आणि गुण हे दोन प्रश्न आपण दोन खात्यांकडे सोपविले आहेत. नदी त्यांची अशी फारकत करीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदविले आहेत. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात आहेत, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे.

सोलापूर शहराची तहान भागविण्यासाठी वर्षानुवर्षे उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून खालचे औज व चिंचपूर बंधारे भरून घेतले गेले. शहरापर्यंत पोचणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी यासाठी धरणातून सोडावे लागे. बाकीचे पात्रात मुरे, उडून जाई किंवा दोन्ही काठांवरील मोटारी ते ओढून घेत. जलवाहिनीने तेच पाणी आणले तर वाटेतील ही गळती टळते, हे उघड आहे. मात्र नदीत सोडलेल्या पाण्यावर काठावरील गावांच्या विहिरीही जगत होत्या, ही बाब अशा योजनांच्या वेळी सहसा चर्चेत येत नाही.

लातूरची पाण्याची गाडी

धनेगाव येथील मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले. लातूर शहराचा मुख्य आधार गेला. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोचली. तिला दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची, सुमारे पंचवीस लाख लिटरची गाडी धावू लागली आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत हा क्रम चालला. कृष्णा खोऱ्यातील पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर लोहमार्गाने गोदावरी खोऱ्यात नेण्यात आले. रेल्वे व पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांनी अल्पावधीत हे काम उभे केले, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

तथापि त्या गाडीतील पाण्याचा एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पंचवीस लाख लिटर म्हणजे २,५०० घनमीटर. पाटाने भिजविलेल्या एक हेक्टर उसास वर्षाला ढोबळमानाने २०,००० घनमीटर पाणी लागते. म्हणजे पन्नास टाक्यांच्या आठ गाड्यांचे पाणी एक हेक्टर ऊस पिऊन टाकतो. मांजरेच्या खोऱ्यात त्या आधीच्या दोन-तीन दशकांत साखर कारखाने उभे राहिले होते आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले होते. राज्याच्या एकूण पिकांखालील क्षेत्रात उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास आहे. सिंचनाच्या पाण्यात मात्र तो निम्म्याहून अधिक आहे.

या ठिकाणी ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणे फार सोपे आहे. पण ठरलेला भाव, दारात येणारी तोडणीची टोळी आणि कारखान्याची हमी हे सर्व ज्या पिकास मिळते ते पीक शेतकरी घेणार. ज्वारी, हरभरा आणि तुरीला तशी हमी नसताना पीकपद्धती बदलण्याचा उपदेश पोकळ ठरतो. ठिबकाने उसाच्या पाण्यात मोठी बचत होते, यात संशय नाही. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला तर खोऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

गावाचा हिशेब

खोऱ्याचा ताळेबंद अखेर गावागावांच्या वह्यांतून तयार होतो. पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी तो आपल्या गावापुरता मांडावा, म्हणून येथे एक नमुना देत आहोत. शाळेच्या सातवी-आठवीच्या वर्गास गणिताच्या तासाला तो करता येण्याजोगा आहे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले. आता एक हजार हेक्टर शिवाराचे, दोन हजार वस्तीचे आणि पाचशे मिलिमीटर पावसाचे गाव घ्यावे. त्याच्या शिवारात वर्षाला पन्नास लाख घनमीटर पाणी पडते. त्यातील मोठा भाग पिके, गवत आणि उघडी जमीन यांवाटे पुन्हा हवेत जातो, काही ओढ्याने वाहून जातो, उरलेला मुरतो. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे, आणि हा खडक पाणी फार थोडे धरतो. त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के पाणीच विहिरीस मिळू शकते. पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी सरासरी चार मीटर वर आली आणि खडकाची धारणा दोन टक्के धरली, तर गावाच्या भूगर्भात वापरण्याजोगे पाणी किती साठले? एक हजार हेक्टर, चार मीटर, दोन टक्के : आठ लाख घनमीटर.

दोन हजार माणसांना जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागतात. हजार जनावरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे १८ हजार. दोन्ही मिळून साठ हजार घनमीटरच्या आतच राहतात. म्हणजे सबंध गावाच्या माणसांचे व गुराढोरांचे वर्षाचे पाणी हे केवळ तीन हेक्टर उसाच्या पाण्याएवढे आहे. उरलेल्या सात लाख चाळीस हजार घनमीटरवर ३७ हेक्टर ऊस होईल, किंवा दर हेक्टरी २,००० घनमीटर धरून ज्वारी-हरभऱ्यासारखी रब्बीची ३७० हेक्टर पिके निघतील. शेतात दिलेल्या पाण्यातील थोडा भाग पुन्हा मुरतो, त्यामुळे हे आकडे तंतोतंत नव्हेत. पण त्यांचे परस्परांतील प्रमाण पुरेसे बोलके आहे. चाळीस हेक्टर ऊस लागला की आठ लाखांचा साठा संपला, आणि मार्च महिन्यात नळयोजनेची विहीर कोरडी पडली. कागदोपत्री त्या वर्षी पाऊस सरासरीइतका झालेला असतो.

विंधनविहिरींनी या हिशेबात एक फसवे खाते उघडले आहे. शे-दोनशे मीटर खोलीवर लागलेले पाणी बहुधा फटींत वर्षानुवर्षे साठलेले असते. ते नव्याने मिळालेले उत्पन्न नसून जुनी ठेव असते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा जून २०१४ पासून अमलात आला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना प्रतिबंध करणारी तरतूद आहे. तिचा अंमल कितपत होतो, हे उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांवरून समजते.

पावसाच्या स्वभावातही बदल होत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली असताना मराठवाड्यात टँकर चालू होते. चार दिवसांत कोसळणारा पाऊस वार्षिक सरासरी भरून काढतो, परंतु विहीर भरतोच असे नाही.

वाटून घेण्याची रीत

तूट वाटून घेणे हे आपल्याकडे नवे नाही. धुळे भागात पांझरेच्या काठी चालत आलेली फड पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, प्रत्येक फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी कमी असलेल्या वर्षी भिजविण्याचे फडच कमी करावयाचे. प्रत्येक फडात बहुतेकांचे तुकडे असल्याने तूट सर्वांच्या वाट्यास येते.

भीमा खोऱ्यातील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊस घ्यावयाचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. पाण्याची मालकी कुणाची, या प्रश्नास इतके सरळ उत्तर त्यापूर्वी वा त्यानंतर क्वचितच दिले गेले असेल.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने कारभार हाती घेतला आणि पुढे सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आले. पाणी घनमापाने मोजून घेतले की कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यालाही आपला वाटा मिळू शकतो, हे तेथे दिसून आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा अंदाजपत्रकासारखा हिशेब मांडला जातो. पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवून मग त्या वर्षी रब्बी व उन्हाळी पिके किती घ्यावयाची, ते ठरते. सिंचनासाठी विंधनविहीर खोदावयाची नाही, हा तेथील नियम गावाने स्वतःवर घालून घेतलेला आहे.

या सर्व प्रयोगांत पुरंदरचा भूमिहीनांविषयीचा नियम मात्र इतरत्र फारसा रुजला नाही. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ यातही पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी जोडलेले आहे. ज्याची जमीन नाही त्याचा कालव्याच्या पाण्याशी संबंध येतो तो मजूर म्हणून, किंवा नळावर रांग लावणारा म्हणून. गावाचा हिशेब मांडताना पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात गाई-म्हशी सहसा मोजल्या जातात. भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या आणि हंगामापुरते वस्तीला येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोपी त्यात धरल्या आहेत की नाहीत, हे ऑक्टोबरमधील ग्रामसभेत विचारून पाहता येईल.